शेकलेला बॅन्जो

मी एक जुना बॅन्जो आहे, आणि मित्रांनो, मी कुणावरही पटकन विश्वास ठेवत नाही. आधीच सांगून टाकलेलं बरं. तुम्ही मला हातात घेतलंत, तर मी आधी तुमची बोटं पाहीन, मग तुमची नजर पाहीन. आणि ती नजर माझ्यावरून सरकून भिंतीवरच्या खिळ्याकडे जाते का, तेही पाहीन. खिळ्याकडे बघणाऱ्या माणसाशी माझं जमत नाही.

तुमच्याकडे मिरवणुकीत बॅन्जो म्हणून वाजवतात, ते बटणांचं वाद्य वेगळं. माझं तोंड गोल, त्यावर चामडं ताणून बसवलेलं. मान लांब. तारा पाच, त्यातली पाचवी इतरांहून आखूड, घरातल्या शेंडेफळासारखी. तीच सगळ्यात जास्त बोलते.

अमेरिकेत व्हर्जिनिया नावाचं राज्य आहे. तिथल्या डोंगरात हार्लन नावाच्या एका पोराच्या बापाने मला घडवलं. अक्रोडाचं लाकूड त्याने स्वतः तासलं. चामडं हिवाळ्यात गेलेल्या वासराचं. दाराबाहेर गाय हंबरत होती आणि आत तिच्या वासराचं कातडं पाण्यात भिजत होतं. माझ्या आवाजात मधूनच काहीतरी दाटून येतं ना, ते तिथलं असावं.

मी संशयी का झालो, तेही ऐका. चर्चमधल्या एका म्हाताऱ्याने मला सैतानाचं वाद्य ठरवलं, तेव्हा माझी रवानगी कोंबड्यांच्या खुराड्यात झाली. पुढे हार्लनचा चुलता 'दोनच गाणी वाजवून आणतो' म्हणून मला घेऊन गेला, तो हार्लनला मिशा फुटल्यावरच परतला. गोड बोलून मला उचलणारे हात मी फार पाहिले आहेत. म्हणून सांगतो, गोड बोलण्यावर जाऊ नका. हात बघा.

हार्लन मोठा झाला, बायको केली, कामासाठी देश ओलांडून पश्चिमेला कॅलिफोर्नियात आला. सनीव्हेलमध्ये चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात तो यंत्रं दुरुस्त करायचा. बायको गेली, नोकरी संपली, तेव्हा तो एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावर राहायला आला. तिथे बहुतेक सगळे कॉम्प्युटरवाले. हार्लनशी बोलायला कुणी नाही. मग तो शनिवारी मला घेऊन कॉम्प्लेक्सच्या लॉन्ड्री रूममध्ये बसायचा. कपडे ड्रायरमध्ये गरगर फिरायचे आणि आम्ही दोघं वाजवायचो.

आम्ही वाजवायचो त्या संगीताला ब्लूग्रास म्हणतात. ते डोंगरातल्या लोकांचं गाणं. त्यात ढोल नाही, तबला नाही. तारा भराभर धावतात आणि वरून माणसाचा आवाज उंच जातो, दरीपलीकडे कुणाला हाक मारावी तसा.

एका शनिवारी तिथे रोशनी आली. ती नागपूरची. नवरा कुशल चिप डिझाइन करणारा इंजिनीअर, नुकतीच दोघं या देशात आलेली. ती चादरींच्या घड्या घालत होती. आम्ही वाजवायला लागलो, तशी तिची बोटं वॉशिंग मशीनच्या झाकणावर ठेका धरायला लागली. मी लगेच सावध झालो. अनोळखी बाई, बरोबर ठेका! हिला काय हवं असेल?

हार्लन थांबला. रोशनी लाजली. "सॉरी, सॉरी. माझी आई दळताना म्हणायची, तिची ओवी आठवली."

"मग ती म्हण," हार्लन म्हणाला.

रोशनीने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हटली:

डफडं ठेविलं खाली, हाती घेतली पाटी,
भिमाच्या लेकराची ताठ झाली पाठी.

हार्लनला एक अक्षर कळलं नाही. पण त्याच्या बोटांनी ती चाल माझ्या तारांवर शोधली, आणि मला कबूल केलं पाहिजे, ती तिथे होतीच. जणू कुणीतरी आधीच ठेवून गेलं होतं.

बघता बघता बँड झाला. कुशलने नागपूरला कॉलेजात गिटार वाजवली होती, त्याला रोशनीने ओढून आणलं. वरच्या मजल्यावरचा शंतनू पुण्याचा. तो लहानपणी गुरुजींसमोर मांडी घालून व्हायोलिन शिकलेला. उभं राहून वाजवायचं म्हटल्यावर तो जमिनीवर बसायला जागा शोधायला लागला.

"हार्लनकाका, मी खाली बसून वाजवलं तर चालेल का?"

"बाळा, ब्लूग्रास उभ्यानंच वाजवतात," हार्लन म्हणाला. "लोकांना आवडलं नाही तर पळता यायला हवं ना!"

नावावरून पण बराच वाद झाला. शंतनूने 'लॉन्ड्री डे बॉइज' सुचवलं. रोशनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बॉइज? आणि मी काय ड्रायर आहे का, यार?" मग नाव नुसतं 'लॉन्ड्री डे' राहिलं.

आमच्या या गाण्याची एक रीत आहे, ती लक्षात ठेवा. सगळ्यांना मिळून मायक्रोफोन एकच. ज्याची पाळी, तो पुढे होऊन मधे येतो. बाकीचे मागे सरून त्याला वाट देतात. पाळी संपली की तो मागे, दुसरा मधे. लॉन्ड्री रूममध्ये मायक्रोफोन कुठला? हार्लनने बादलीत मॉप उभा केला आणि म्हणाला, "हा आपला माइक." त्या मॉपभोवती चौघं फिरायची. शंतनूचा गज कुशलच्या कानात जायचा, कुशलची गिटार ड्रायरवर आपटायची.

सगळे हसायचे. मी मात्र कुशलवर नजर ठेवून होतो.

हार्लन कपडे काढायला वळला की तो माझ्याजवळ यायचा. माझ्या चामड्यावर नखाने एकच टिचकी मारायचा आणि मान तिरपी करून ऐकायचा. मग तळहात ठेवायचा, ताप बघतात तसा. कुणी वळलं की हात पटकन मागे. गिटारवाल्या माणसाला तारांचं कौतुक असतं. याला माझ्या कातड्याशी काय काम? त्या काळात बहुतेक बॅन्जोंची तोंडं प्लास्टिकची झाली होती. मला वाटलं, हा मला सोलणार आणि प्लास्टिक चढवणार.

तशात हार्लनच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. त्याचा पुतण्या डॅरिल यायचा. त्याचं रेस्टॉरंट होतं. "अंकल हार्लन, तुम्हाला झेपत नाही, तर हा मला द्या. माझ्याकडे भिंतीवर घोड्याची नाल आहे, तिच्या शेजारी झकास दिसेल. खिळासुद्धा मारून ठेवलाय."

खिळा! माझ्या पाचही तारा आकसल्या. हार्लनलाही ते नको होतं. एके दिवशी त्याने मला कुशलपुढे धरलं. "तू घे याला. तुला याचं अंग कळतं, मी पाहिलंय."

कुशल चटका बसल्यासारखा मागे सरला. "नाही, नाही. मी नाही घेऊ शकत."

"का?"

"नाही, म्हणजे… घरी चालणार नाही."

आता सांगा, मित्रांनो. जो चोरून हात लावतो आणि दिलं तर घेत नाही, त्याच्यावर कसा विश्वास ठेवायचा?

शहाण्णवच्या हिवाळ्यात कुशलचे वडील रामभाऊ नागपूरहून आले. पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेले, ताठ, इस्त्रीच्या शर्टावर स्वेटर घालणारे. बोलणं स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. त्या दिवसांत हार्लनच्या खोलीच्या भिंतींना ओल आली होती, म्हणून मला कुशलच्या घरात ठेवलं होतं. रामभाऊंनी मला पाहिलं आणि ते दारातच थांबले.

"हे काय आहे?"

"बॅन्जो आहे, बाबा. हार्लनकाकांचा. आमच्या ग्रुपमध्ये वाजवतात."

"त्याच्या तोंडावर चामडं आहे का?"

कुशलने मला जरा मागे सरकवलं. "नाही, बाबा. प्लास्टिक आहे."

मी हबकलो. माझ्याबद्दल आजवर पुष्कळ खोटं बोललं गेलं, पण मी कशाचा आहे याबद्दल कुणी खोटं बोललं नव्हतं! रामभाऊंनाही ते पटलं नसावं. रोज चहा घेताना ते माझ्याकडे बघायचे आणि मी त्यांच्याकडे. आम्ही दोघंही दोन दारांवरच्या दोन राखणीच्या कुत्र्यांसारखे होतो. भुंकत कुणीच नव्हतं, डोळा मात्र कुणी मिटत नव्हतं.

रोशनी स्वयंपाकघरात ती ओवी गुणगुणायला लागली, की कुशल हळूच म्हणायचा, "रोशनी, बाबांसमोर हे बँडमधलं नको."

"अरे, ओवी आपली आहे. बाबांना आवडेल."

"ओवी आवडेल गं. ती कशावर वाजवतो ते नाही आवडणार."

फेब्रुवारीत लायब्ररीच्या हॉलमध्ये आमचा पहिला कार्यक्रम ठरला. रविवार दुपार. आदल्या दिवशी पावसाची रिपरिप लागली आणि माझं चामडं सैल पडलं. चामडं ताणणारे कडेचे हूक पिळून पिळून शेवटच्या आट्यावर आले, तरी आवाज ओल्या पुठ्ठ्यासारखा. हार्लनने हात टेकले. "डॅरिलचं बरोबर असेल. उद्या हा वाजला नाही, तर देऊन टाकतो त्याला."

रामभाऊ दुपारचे पडले होते. हार्लन त्याच्या खोलीकडे गेल्यावर कुशलने मला उचललं, स्वयंपाकघरात नेलं आणि इलेक्ट्रिक शेगडीची कॉइल लावली. ती लाल व्हायला लागली. त्याने माझं तोंड तिच्यावर धरलं.

संपलं, म्हटलं. खिळा परवडला, हा तर जाळतोय!

त्याने मला धगीवर गोल फिरवलं. टिचकी मारली. पुन्हा फिरवलं, पुन्हा टिचकी. माझ्या अंगातली ओल वाफ होऊन जायला लागली. टिचकीचा आवाज चढत चालला. मला कळेना, हा मला मारतोय की बरा करतोय. एवढ्यात छतावरचा धुराचा अलार्म कर्कश बोंबलायला लागला. कुशल दचकला, त्याचा हात खाली गेला आणि माझी कड कॉइलला टेकली. चर्रर्र!

दारात रामभाऊ उभे होते.

त्यांनी पुढे होऊन मला कुशलच्या हातातून काढून घेतलं. शेगडी बंद केली. अलार्म आपोआप गप्प झाल्यावर ते म्हणाले, "खोटं बोललास. प्लास्टिकला कुणी शेकत नाही."

कुशलने खिडकी उघडली.

"शेकायला कुणी शिकवलं तुला?"

"आबाजींनी."

रामभाऊंचा हात माझ्या मानेवर घट्ट झाला. "माझ्या वडिलांनी? दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी डफडं खाली ठेवलं. नंतर हातात धरलं नाही."

"डफडं नाही, बाबा. जत्रेतून मी एक खेळण्यातली डफली आणली होती. पावसाने ती बसली, मी रडायला लागलो. आबाजींनी चुलीवर शेकून दिली. म्हणाले, असं फिरवायचं, असं ऐकायचं. आणि म्हणाले, तुझ्या बापाला सांगू नको."

रामभाऊ खुर्चीवर बसले. मी त्यांच्या मांडीवर. चटका बसलेली माझी कड अजून गरम होती आणि त्यांनी नकळत तिच्यावर अंगठा ठेवला होता.

"तुला ठाऊक आहे, ते कुठे उभे राहायचे?" ते सावकाश बोलले. "मांडवात नाही. मांडवाबाहेर, उन्हात. 'ए, वाजव रे' म्हटलं की वाजवायचं, 'पुरे' म्हटलं की थांबायचं. लग्न त्यांचं, मयत त्यांचं, आणि हात आपले. ते हात माझ्या वडिलांनी सोडवून घेतले, म्हणून मी पुढे शिकलो. आणि तू इथे येऊन पुन्हा चामडं शेकतोस?"

अलार्म ऐकून हार्लन आणि शंतनू धावत आले होते. दोघांनी खोलीभर धूर शोधला आणि मग माझी तपकिरी झालेली कड पाहिली. आता हार्लन चिडणार, असं मला वाटलं. पण तो हसायलाच लागला. "माझा बाप थंडीत याला असाच लाकडाच्या स्टोव्हपुढे धरायचा! मी विसरूनच गेलो होतो."

रामभाऊ हसले नाहीत. "कुशल, याला विचार. हे वाद्य आधी कुणाचं होतं?"

"यांच्या वडिलांनी केलंय, बाबा."

"हे एक नव्हे. ही जात कुणाची? पहिल्यांदा कुणी वाजवलं?"

कुशलने विचारलं. हार्लनचं हसू मावळलं. तो उत्तर द्यायला जरा वेळ थांबला. मग म्हणाला, की आफ्रिकेतून ज्यांना गुलाम करून आणलं, त्यांचं हे वाद्य. भोपळ्यावर चामडं ताणून ते करायचे. मालकांच्या नाचाला उभं राहून वाजवायचे. "आमच्या लोकांनी ते त्यांच्याकडून घेतलं, आणि कुणाकडून घेतलं ते सांगायचं सोडून दिलं."

शंतनूने ते मराठीत सांगितलं. रामभाऊंनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. राखण करणाऱ्याने दुसऱ्या राखण करणाऱ्याकडे पाहावं, तसं.

"म्हणजे यालाही उभं केलं होतं तर," ते म्हणाले. आणि लगेच पुढचा प्रश्न: "उद्या कार्यक्रमात माझा मुलगा कुठे उभा राहणार?"

"या आणि बघा," हार्लन म्हणाला.

रामभाऊ आले. ऐकायला नव्हे, तपासायला. तिसऱ्या रांगेत, स्वेटरची सगळी बटणं लावून, हाताची घडी घालून बसले. माझा आवाज खणखणीत लागला होता, कडेवर ताजा डाग होता, आणि माझं सगळं लक्ष त्या घडी घातलेल्या हातांवर होतं. समोर मायक्रोफोन एकच. शंतनू मधे आला, वाजवून मागे गेला. रोशनी आली, गेली. कुशल गिटार घेऊन आला, तेव्हा हार्लनसुद्धा दोन पावलं मागे सरला. रामभाऊंचे डोळे प्रत्येकाच्या पायांमागे फिरत होते. कोण कुठे उभा, कोण कुणाला जागा देतो.

शेवटी ओवीची पाळी आली. रोशनीने सासऱ्यांकडे पाहिलं, डोळे मिटले आणि आवाज उंच टाकला. डफडं ठेविलं खाली, हाती घेतली पाटी… रामभाऊ ताडकन उभे राहिले. मला वाटलं, चालले. डफडं सोडल्याची ओवी आणि साथीला चामडं, हे कोण सहन करेल?

त्याच वेळी हार्लनची बोटं थांबली. सांधे आखडले. त्याने तारा छेडायच्या नख्या बोटांतून काढल्या, मला गळ्यातून उतरवलं आणि कुशलपुढे धरलं.

कुशलने मला घेतलं नाही. तो वडिलांकडे बघत राहिला. शंतनू मागे सरला, रोशनी मागे सरली, हार्लन मला धरून बाजूला. रोशनी मांडीवर ठेका देत तीच ओळ पुन्हा म्हणत होती. मायक्रोफोनपुढे कुणीच नव्हतं. लोक कुजबुजायला लागले. दाराला टेकून डॅरिल उभा होता, आणि त्याचा खिळा मला तिथूनसुद्धा दिसत होता.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला. पुस्तकातलं बोलणारे रामभाऊ एकाएकी आपल्या गावच्या बोलीत ओरडले, "अरे, जागा देली ना त्यायनं तुले! जाय नं मधात!"

कुशलने गिटार ठेवली आणि मला घेतलं. नख्या घातल्याच नाहीत. त्याला माझ्या सगळ्या खोड्या कुठे ठाऊक होत्या? दोन सूर चुकले. पण मग त्याची दोन बोटं तारा सोडून माझ्या चामड्यावरच उतरली आणि असा एक ठेका वाजवला, जो व्हर्जिनियाच्या डोंगरात कुणी वाजवला नव्हता. चुलीपुढे शिकलेला असावा. तो वाजत असताना आम्ही दोघं अगदी मधोमध होतो.

कार्यक्रम संपल्यावर रामभाऊ पुढे आले. कुशल काही बोलणार, तोच त्यांनी माझ्या कडेजवळ नखाने एक टिचकी मारली. मान तिरपी करून ऐकलं. अगदी तस्संच.

"थोडं उतरलंय," ते म्हणाले. "घरी गेल्यावर शेक. पण लांबून धर."

हार्लन आता नाही. शंतनू माझ्या व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला गेला. मी कुशलबरोबर सनीव्हेलजवळच्या फ्रीमाँटला आहे. डॅरिलच्या भिंतीवर नाल एकटीच लटकते, असं ऐकतो. माझ्या कडेवरचा तपकिरी डाग अजून आहे. कुणी त्याबद्दल विचारलं, की कुशल आधी आबाजींचं सांगतो आणि मग त्या भोपळ्यावाल्या माणसांचं. कुणाकडून घेतलं, ते तो सांगायचं सोडत नाही.

मित्रांनो, जुनं वाद्य घरात असेल, तर त्याला ओल लागू देऊ नका, आणि कृपा करून खिळ्याला टांगू नका. ते कुणाच्या हातातून आलं, ते विचारा. त्या हातांना कुठे उभं केलं होतं, तेही विचारा. उत्तर चटकन मिळालं, तर थोडा संशय ठेवा. मी ठेवतो. मात्र एखाद्यासाठी चार माणसं मागे सरून मधली जागा मोकळी करताना दिसली, तर संशय बाजूला ठेवायला हरकत नाही.

आज बाहेर धुकं आहे. माझं चामडं सैल पडलंय. स्वयंपाकघरात कॉइल तापायला लागली आहे, आणि फोनवर नागपूरहून कुणीतरी ओरडतंय, "लांबून!"